तांदूळ आहेत, कागद नाही: उपवासकाळातल्या मदतीविषयी

सुरंगीचा_गजरा | २९ मार्च, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं गाव मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधे, समुद्राला लागून. ख्रिस्ती घरं थोडी, बाकी गाबीत आणि भंडारी. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चमधून प्रत्येक घराला एक डबा मिळतो. चाळीस दिवसांत जे सोडलं, कुणी मासळी, कुणी चहा, त्याचे वाचलेले पैसे त्या डब्यात टाकायचे. मग ईस्टरच्या आधी धान्याची पाकिटं बांधून गरजू घरांत पोचवायची. जात-धर्म बघायचा नाही, हे आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. मी बारा वर्षं या कामात आहे.

गेल्या रविवारी सिस्टरबरोबर खाडीकडच्या एका घरी गेले. त्या बाईचा नवरा आठ वर्षांपूर्वी ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला, नोव्हेंबर महिना होता, तो परत आलाच नाही. देहही मिळाला नाही. घरात ती आणि नववीतली मुलगी. पाकीट पुढं केलं तर तिनं ते बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तांदूळ आसत गो बाय. रेशनचे गावतत. माका कागद होयो."

कागद म्हणजे मृत्यूचा दाखला. देह नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून विधवेचं अनुदान नाही, बँकेतले नवऱ्याच्या नावचे थोडे पैसेही तसेच अडकलेत. आठ वर्षं ती कोळंबी सोलून आणि लोकांची भांडी घासून घर चालवतेय.

मला झोप लागली नाही ती पुढच्या गोष्टीनं. त्या घरी आम्ही पाच वर्षं पाकीट देतोय. पाच वर्षांत एकदाही तिच्या पडवीत टेकलो नव्हतो. दारात उभं राहायचं, पाकीट द्यायचं, फोटो काढायचा, पुढचं घर गाठायचं. तो फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचा, तिथून आणखी कुठं कुठं. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीला वर्गात कुणीतरी तो दाखवला, त्यानंतर आम्ही आलो की मुलगी मागच्या दारानं निघून जाते. हेही मला आत्ता कळलं. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूनं सांगितलंय, आणि मी स्वतः उभी राहून फोटो काढत होते.

तेव्हापासून बायबलमधला मत्तयाचा पंचविसावा अध्याय परत परत वाचतेय. तिथं प्रभू म्हणतो, मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. पहिल्या दोघांना अन्नपाणी द्यायचंय, परक्याला घरात घ्यायचंय, उघड्याला पांघरायचंय. पण तुरुंगातल्यासाठी "तुम्ही मला सोडवलंत" असं नाही म्हटलेलं. तुम्ही माझ्याकडे आलात, एवढंच आहे. मग आम्ही फक्त पहिलाच शब्द का धरून बसलो?

तर विचारायचं ते असं. तुमच्याकडे चर्चमधून, मंडळीतून किंवा एकेकट्यानं गरिबाला खरा हात कसा दिला जातो? आणि या बाईच्या कागदाचं काही होऊ शकतं का?

---

वसईची_लेक | २९ मार्च, रात्री ११:१५

ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं.

आमच्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम आहे, मी सात वर्षं त्यात आहे. तुमच्याकडे नसेल तर तिची रीत तरी उचला. एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं. ज्या घरी जायचं त्या घरी परत परत जायचं. दर आठवड्याला बैठक, तिथं प्रत्येक घराबद्दल बोलायचं, आणि नावं बैठकीबाहेर न्यायची नाहीत. फोटोचा तर प्रश्नच येत नाही.

ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी. वादविवादात त्याला कुणीतरी तोंडावर विचारलं होतं, तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतंय ते दाखव. उत्तर द्यायला तो आणि त्याचे मित्र उठले ते जळणाची लाकडं घेऊन एका घरी गेले. गरिबांच्या वस्तीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी त्या मुलांना घरोघर कसं जायचं ते शिकवलं. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की ती मुलं शिकायला गेली होती. जाऊन बसल्याशिवाय काय लागतं ते कळत नाही.

आमच्याकडचं एक उदाहरण देते. मासळी विकणाऱ्या एका मावशीकडे आम्ही तीन महिने धान्य देत होतो. चौथ्या महिन्यात ती मोकळेपणानं बोलली. पहाटे लिलावात माल उचलायला रोख लागते. ती बाजारातल्या एकाकडून सकाळी २,००० रुपये घ्यायची आणि संध्याकाळी २,१०० परत करायची. महिन्याचे पंचवीस बाजार धरा, अडीच हजार रुपये नुसते व्याजात, मुद्दलापेक्षा जास्त! आमचं धान्य होतं आठशे रुपयांचं. म्हणजे तिच्या घरात आम्ही वरून घागर ओतत होतो आणि खालून मोरी उघडी होती.

मग आम्ही वाटपाच्या पैशातून ५,००० बाजूला काढले आणि तिला बिनव्याजी दिले, आठवड्याला २०० परत. सहा महिन्यांत फिटले, तेच पैसे दुसरीला गेले. गरिबाला पैसे दिलेस तर त्याच्याशी सावकारासारखा वागू नकोस, व्याज लावू नकोस, हे बायबलात निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. वसईत हे आमच्या आधीच्या पिढ्यांना कळलं होतं. बॅसीन कॅथलिक बँक आज मोठी दिसते, पण तिची सुरुवात १९१८ साली सहकारी पतसंस्था म्हणून झाली. माझे आजोबा सांगायचे, वाडीवाल्याला अडीनडीला सावकाराच्या ओट्यावर जावं लागू नये, एवढ्यासाठी माणसं एकेक रुपया गोळा करत.

दाखल्याचं मला माहीत नाही, कोणीतरी जाणकार सांगेलच.

---

बंदररोड | ३० मार्च, सकाळी ७:३०

दाखल्याचं मी सांगतो. वकील नाही, पण तालुक्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं कारकुनी केली, आता निवृत्त आहे.

एखाद्या माणसाची ज्यांना खबर असायला हवी अशा लोकांना सात वर्षं त्याची काहीच खबर नसेल, तर कायदा तो जिवंत नाही असं धरून चालतो. मात्र हे आपोआप होत नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावून तसं जाहीर करून घ्यावं लागतं, तो हुकूम नेला की मृत्यूची नोंद होते. तुमच्या बाईची आठ वर्षं झालीत, म्हणजे वर्षभरापूर्वीच तिला हे करता आलं असतं. तिला कोणी सांगितलंच नसणार.

पैशाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यात स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर अर्ज चालतो. १५१०० हा फोन नंबरही आहे, पण मी म्हणेन प्रत्यक्ष जा.

जाण्याआधी गोळा करायचं ते असं. पोलीस ठाण्यात तेव्हा बेपत्ता नोंद झाली असेल तर तिची नक्कल. मत्स्यव्यवसाय खात्याकडे काही पत्रव्यवहार झाला असेल तर तो. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे माणसं, त्या नावेचा तांडेल म्हणजे कप्तान, बरोबरचे खलाशी, मालक. तांडेल हयात असेल तर आधी त्याच्याकडे जा. आठ वर्षांनी माणसं गाव सोडतात, मरतात, तपशील विसरतात.

हुकूम आला की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. महिना १,५०० रुपये मिळतात. अट वार्षिक २१,००० रुपये उत्पन्नाची आहे, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. भांडी घासणारी बाईसुद्धा कागदावर यापेक्षा जास्त कमावते असं कुणी लिहिलं तर अर्ज परत येतो, तेव्हा उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्यासमोर तिच्याबरोबर कुणीतरी बसा.

आता एक प्रश्न, मनापासून. मी ख्रिस्ती नाही. माझ्या आजीची तिन्ही बाळंतपणं वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक्समध्ये झाली, अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलेला तो दवाखाना. आमच्या घरात त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण आजकाल गावात लोक म्हणतात की चर्चची मदत घेतली की पुढे धर्म बदलायला सांगतील. त्या बाईच्या शेजाऱ्यांनी असं म्हटलं तर तुम्ही काय कराल?

---

सुरंगीचा_गजरा | ३० मार्च, दुपारी २:१०

काका, किती आभार मानू? सात वर्षांची गोष्ट मी आज पहिल्यांदा ऐकली. आमच्या फादरनाही ठाऊक नव्हती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. आम्ही घरी जातो तेव्हा पत्रक नेत नाही, पुस्तक नेत नाही. समोरच्यानं म्हटलं तरच प्रार्थना करतो. जी मदत काही बदल्यात मागते ती येशूनं केलेली मदत नव्हे. लूकच्या सतराव्या अध्यायात त्यानं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण त्यानं काढून घेतलं नाही.

आणि येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्या. वाटेत पडलेल्या माणसाला त्यानं तू कोण, कुठला, असं काहीही विचारलं नाही, स्वतःच्या देवाबद्दलही चकार शब्द काढला नाही. जखमा बांधल्या, खाणावळीत नेलं, दोन नाणी दिली. आम्ही ही गोष्ट इथंच संपवतो. पण पुढचं वाक्य आहे, आणखी खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा फेडीन. तो परत येणार होता. आम्ही पाच वर्षं फक्त दोन नाणी ठेवून निघून येत होतो.

शेजारी काही बोलले तर मी त्यांनाच बरोबर यायला सांगेन. आम्ही तिथं काय करतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहावं.

---

कौलारू | ३१ मार्च, रात्री १०:०५

मी रायगडचा, अलिबाग-मुरूड पट्ट्यातला, आमची मंडळी प्रॉटेस्टंट आहे. मी निसर्ग चक्रीवादळाचा अनुभव लिहितो, कारण तेव्हा माझं मदतीबद्दलचं सगळं मत बदललं.

३ जून २०२०. दुपारी वादळ किनाऱ्याला लागलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या वाडीतली सुपारी आडवी झाली. कौलं, पत्रे सगळं उडालं, आणि आठवड्यात पाऊस धरणार. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मदतीच्या गाड्या यायला लागल्या. गाड्यांत काय, तर जुने कपडे. शाळेच्या खोलीत छातीएवढा ढीग झाला, तो भिजला आणि कुजला. शेवटी आम्हालाच खड्डा खणून पुरावा लागला. पाठवणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं, पण एकानंही आधी फोन करून विचारलं नव्हतं की तुम्हाला काय पाहिजे.

पाहिजे होती ताडपत्री. पत्रे बसवणारा सुतार. जे-हुक. पडलेली झाडं कापायला करवत आणि ती चालवणारा माणूस. मोबाइल चार्ज करायला जनरेटर, कारण वीज कित्येक दिवस नव्हती आणि मुंबईला गेलेल्या पोरांना आईबाप जिवंत आहेत हे कळत नव्हतं.

आमचे पाळकसाहेब तेव्हा एक चांगलं बोलले. बायबलात प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या जेवणावरून कुरबूर झाली, काहींना डावललं जातंय म्हणून. प्रेषितांनी काय केलं? उपदेश नाही केला. सात माणसं निवडली, चांगल्या नावाची आणि शहाणी, आणि ते काम त्यांच्यावर सोपवलं. पाळकसाहेब म्हणाले, आपणही सात निवडू. आम्ही निवडले त्यात एक सुतार, एक वायरमन, दोन अंगणवाडीच्या ताई. सातांपैकी तीन जण मंडळीतले नव्हतेच, एक मुसलमान होता, कारण करवत त्याच्याकडे होती आणि माणूस सोन्यासारखा.

सहा आठवड्यांत आम्ही एकोणीस छपरं उभी केली. ज्या घरात धडधाकट माणूस नाही ते घर पहिलं, मग ते कुणाचंही असो.

त्यानंतरही एक गोष्ट राहिली ती सांगतो, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. छप्पर एका दिवसात बसतं. सुपारीचं रोप लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, नारळालाही वर्षं जातात. बातम्या संपल्या, गाड्या थांबल्या, आणि बागायतदाराचा खरा दुष्काळ त्यानंतर सुरू झाला. आमच्या मंडळीनं दशमांशातला एक भाग रोपांसाठी आणि मधल्या वर्षांत लावायच्या केळी-मिरीसाठी राखून ठेवला. तो आजही चालू आहे.

---

जुनी_मंडळी | १ एप्रिल, सकाळी ६:४५

मी वयानं सत्तरीचा आहे, काही गोष्टी मला खटकतात त्या बोलतो, राग मानू नये.

चर्च म्हणजे तहसील कचेरी नव्हे. दाखले, अर्ज, कर्ज, ही सरकारची आणि पुढाऱ्यांची कामं. आपण तीच करत बसलो तर उपासना कधी करायची, शब्द कधी सांगायचा? शिवाय सतत देत राहिलं की लोकांना सवय लागते. आमच्या काळी गरीब माणूस कष्ट करायचा, हात पसरायचा नाही.

---

वसईची_लेक | १ एप्रिल, सकाळी ९:२०

काका, तुमच्याशी वाद घालायची माझी योग्यता नाही. पण याकोबानं आपल्या पत्रात जो प्रसंग रंगवलाय तो आठवा. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला मोताद आहे, आणि आपण म्हणतो, सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर जेवा, पण देत काहीच नाही. अशा विश्वासाला त्यानं मेलेला म्हटलंय. आजच्या काळात दाखला नसणं म्हणजे उघडं असणंच आहे, काका.

सवय लागण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मी पूर्ण खोडत नाही. आम्हीही एका घराला चार वर्षं तसंच देत राहिलो आणि त्या घरचा हातपाय हलणं बंद झालं. चूक त्यांची नव्हती, पुढं काय ते आम्हीच कधी त्यांच्याशी बोललो नव्हतो. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मुली आणल्या त्या केडगावला फक्त जेवू घालायला नाही ठेवल्या. विणकाम, शेती, छापखाना शिकवला. त्यांनी केलेल्या मराठी बायबलचे छपाईचे खिळे त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनच्या बायकांनीच जुळवले. ज्या मुली भुकेनं मरायला टेकल्या होत्या त्यांच्या हातून बायबल छापून निघालं, यापेक्षा मोठा उपदेश मला माहीत नाही.

---

हापूस_कलमी | २ एप्रिल, रात्री ८:३०

मी रत्नागिरीजवळचा, दोनशे कलमं आहेत. ख्रिस्ती आहे. थोडं वेगळं बोलतो.

तुम्ही सगळे मदतीबद्दल बोलताय. मी देणाऱ्याच्या कमाईबद्दल बोलणार आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितलंय की पीक कापताना शेताचा काठ कापू नकोस, पडलेली कणसं वेचू नकोस, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. रूथ अशीच बवाजाच्या शेतात सरवा वेचत होती. आपल्याकडे हे नवीन नाही. मालवणकडे रापण ओढतात तेव्हा दोरीला हात लावणाऱ्याच्या पदरात मासळी पडतेच.

पण त्याच अध्यायात चार ओळींनंतर काय आहे ते मी बरीच वर्षं वाचूनही बघितलं नव्हतं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत तुझ्याकडे राहू देऊ नकोस. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात तर सूर्य मावळायच्या आत दे, म्हटलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो.

आमच्या बागांत राखणीला आणि कामाला नेपाळी माणसं येतात. दिवाळीच्या आसपास येतात, पावसाआधी जातात. बायकापोरांसकट बागेतल्या खोपटात राहतात. मी त्यांचा हिशेब हंगामाच्या शेवटी करायचो, सगळेच तसं करतात. अधूनमधून खर्ची द्यायची, बाकी शेवटी. आणि नाताळला मी त्यांच्या पोरांना कपडे आणि केक द्यायचो आणि मला फार बरं वाटायचं. एके वर्षी माझ्या राखणदाराची बायको आजारी पडली, जानेवारीत. त्याचे माझ्याकडे बत्तीस हजार निघत होते आणि तो माझ्याकडेच उसने मागायला आला, हात जोडून. त्याचेच पैसे! मी त्या दिवशी त्याच्या पायाशी बसायला हवं होतं.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला पूर्ण पगार. बँकेत खातं नाही म्हणून रोख, वहीत त्याच्या भाषेत त्याच्याच हातची सही. मला सुरुवातीला भीती होती की पैसे मिळाले की माणूस मधेच निघून जाईल. एकही गेला नाही.

आणि ताई, तुमची धान्याची पाकिटं बंद करू नका. या नेपाळी लोकांना आपल्याकडे रेशनकार्ड मिळत नाही, ते या देशाचे नागरिक नाहीत. पाच किलोचं धान्य त्यांच्या नावावर नाही. तांदूळ दुकानाच्या भावानं घेतात. ते पाकीट तुमच्या त्या बाईला नको होतं, बागेतल्या खोपटात त्याचं सोनं होईल.

---

जुनी_मंडळी | ३ एप्रिल, सकाळी ६:३०

हापूसवाल्या बाळा, तुझं वाचून मी माझ्या मोलकरणीला महिन्याचे पैसे आज, तीन तारखेला, दिले. एरवी दहा तारीख उजाडते. कारण काहीच नाही, नुसती सवय.

---

नर्सताई | ४ एप्रिल, दुपारी ३:४०

मी मुंबईत नर्स आहे, माहेर सावंतवाडीकडचं. गावाकडून पेशंट आला की पहिला फोन मला येतो, म्हणून लिहिते.

माणसं आमच्याकडे पोचतात तोवर घरातलं सोनं गेलेलं असतं. आणि बऱ्याचदा गरज नसताना गेलेलं असतं. महाराष्ट्रात धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही योजना मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली लावून दिली. मोठमोठ्या काचेच्या रुग्णालयांनाही ती लागू आहे. पण काउंटरवर कुणी स्वतःहून सांगत नाही, आणि गावचा माणूस त्या काचा बघूनच मागे फिरतो. तिथल्या समाजसेवा विभागात जायचं, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पुढं करायचा. नाहीच म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसणारा आजार असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटायचं, ऑपरेशन झाल्यावर नाही.

माझ्या चर्चमधल्या पाच बायकांनी एक काम धरलंय. कोकणकन्या किंवा तुतारीनं पहाटे पेशंट उतरतो तेव्हा आमच्यातली एक जण स्टेशनवर असते. त्याच्याबरोबर केसपेपरच्या रांगेत उभी राहते. फॉर्म भरते. डॉक्टर जे बोलले ते मालवणीत समजावून सांगते. दुपारी नातेवाइकाला जेवणाचा डबा. बाकी आम्ही काही करत नाही, पैसेही देत नाही सहसा.

एक म्हातारे काका देवगडहून आले होते, गळ्याची गाठ घेऊन. आठ दिवस आमच्यातली कुणी ना कुणी बरोबर होती. गाठ वाईटच निघाली, दोन महिन्यांत ते गेले. त्यांचा मुलगा नंतर भेटला तेव्हा म्हणाला, बाबा शेवटपर्यंत सांगायचे, मुंबईत माका कोणी ढकललां नाय. सुरंगीताई, तुम्ही मत्तयाबद्दल लिहिलंत ना, आजारी होतो आणि तुम्ही माझा समाचार घेतलात, मला ते काका आठवले.

---

कौलारू | ४ एप्रिल, रात्री ९:१५

नर्सताई, आमच्या भागातून पेशंट पाठवायचा असेल तर तुम्हाला व्यक्तिगत निरोप करू का? मुरूडकडची एक मुलगी आहे, हृदयाला भोक. आईबाप कातकरी, भट्टीवर होते, उचल घेतलेली म्हणून मालक सोडत नव्हता. पाळकसाहेब आणि गावचे सरपंच दोघं जाऊन बोलले तेव्हा सुटले. आता कागद जमवतोय.

---

नर्सताई | ४ एप्रिल, रात्री ९:२०

करा. लगेच करा. लहान मुलांच्या हृदयाचं बहुतेक योजनेत बसतं. जुने रिपोर्ट असतील ते सगळे पाठवा, फाटके असले तरी.

---

सुरंगीचा_गजरा | १४ जून, रात्री ८:४५

दोन महिने धागा वर आला नाही, पण काम चालू होतं. कळवायला उशीर झाला, क्षमा असावी.

तांडेल सापडला. आता आचऱ्याकडे मुलाकडे असतो, दृष्टी गेलीय, पण त्या रात्रीचं सगळं आठवतं त्याला. वारा कुठून होता तेसुद्धा सांगितलं. त्या बाईला बघून खूप रडला. आठ वर्षं तो तिला तोंड दाखवायला घाबरत होता, आणि ती समजत होती की त्याला तिची पर्वा नाही. आम्ही दीड तास तिथं बसलो, कागदाचा विषय शेवटच्या दहा मिनिटांत निघाला.

पोलिसांतली नोंद मिळाली, तिसऱ्या फेरीत. विधी सेवा समितीनं वकीलबाई दिल्या, चांगल्या आहेत, फोन उचलतात. दावा दाखल झालाय. अनुदान अजून लांब आहे, हुकूम झाल्याशिवाय काही नाही, पण बाईनं स्वतः अर्जावर सही केली. आधी अंगठा करायची. मुलीनं शिकवलं तिला महिनाभर बसून.

यंदा पाकिटं एकवीसच केली. त्यातली चौदा काजूच्या आणि आंब्याच्या बागांत गेली. फोटो नाहीत. उरलेल्या पैशातून मासेविक्रीवाल्या दोघींना वसईच्या रीतीनं बिनव्याजी दिलेत. एकीचे हप्ते वेळेवर येताहेत, दुसरीचे दोन चुकलेत, पावसाळी मासेमारीबंदीत होड्या वर काढल्यात तर ती आणणार कुठून, म्हणून ऑगस्टपर्यंत थांबायचं ठरवलंय.

काल खाडीकडे गेले होते. निघताना बाईनं वर्तमानपत्रात बांधून सुका गोलमा हातात दिला. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाली, "पावसात लागतलो तुका." मुलगी पडवीतच अभ्यास करत बसली होती.

आता अडचण अशी. कोर्टाची पुढची तारीख २४ जून आहे. तांडेलकाकांना आचऱ्याहून आणायचंय, त्यांना हात धरून चालवावं लागतं. शाळा आता सुरू होताहेत, मला त्या दिवशी रजा मिळत नाही आणि सिस्टर पणजीला आहेत. बाई एकटी जाईल, पण मला तिला एकटीला पाठवायचं नाहीय. मालवण बाजूचं कुणी येऊ शकेल का?

---

बंदररोड | १४ जून, रात्री ९:०२

मी जातो. आचऱ्याहून रिक्षा सांगून ठेवतो, तांडेल आणि मी सव्वादहाला कोर्टाच्या पायऱ्यांशी असू. तुम्ही फक्त सगळ्या कागदांच्या तीन तीन झेरॉक्स काढून बाईंकडे द्या, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पाऊस आहे.